एका भाकरीची मंडळी

एखाद्या सभेत गेलो की मला हमखास पाळकसाहेब आठवतात. व्यासपीठावर मोठी माणसं बसलेली असतात, कोणीतरी माईकवर फुंकर मारून पाहत असतो, आणि शेवटच्या खुर्चीवर एखादा साधासुधा भला माणूस गळ्यातला हार काढावा की राहू द्यावा या विचारात अवघडून बसलेला दिसतो. हा माणूस आता हळूहळू त्या हारात बसायला शिकेल, असं वाटतं. पाळकसाहेब शिकले होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मराठवाड्यातल्या वाशी आणि ईट यांच्या मधल्या डोंगरकडेला ते आहे, एवढं पुरे. त्या माणसांची नातवंडं अजून तिथं नांदतात.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी नवा शिक्षक म्हणून तिथं गेलो होतो. मी तुळजापूरचा. घर पूजेअर्चेचं, आणि पूजेच्या पाळीवरून चुलत्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असलेलं. देवाच्या जवळ राहणारी माणसं किती कडाकडा भांडतात याचं शिक्षण मला घरीच मिळालं होतं. शाळेला जोडून शिक्षकाची एक खोली होती आणि खोलीच्या मागं ख्रिस्ती वस्ती. वस्तीत मातीच्या भिंतींची पंधरावीस घरं, मधोमध दगडी चर्च, आणि चर्चला खेटून तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, शांतवन यांचं घर. त्यांना अख्खं गाव पाळकसाहेबच म्हणे. चर्चच्या लोकांना ते स्वतः 'मंडळी' म्हणत.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खोलीत शिरले. शिरले म्हणजे दार वाजवणं वगैरे काही नाही. काखेत छत्री, अंगात धुवून धुवून पातळ झालेला पांढरा कोट, भुवया भरघोस. आत येऊन चारी कोपरे पाहिले आणि विचारलं, "गुरुजी, ह्या घरात कोन कुनाशी बोलत न्हाय?"

मी म्हटलं, "मी एकटाच आहे."

"मंग सोताशी तरी बोलता का?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी खरोखरीच विचारलं होतं. पुढं कळलं की महिन्यातून एकदा, शनिवारी, ते वस्तीतल्या प्रत्येक दारात हाच प्रश्न विचारत फिरतात.

त्याचं असं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे. ख्रिस्ताची आठवण म्हणून एकच भाकर मोडायची आणि सगळ्यांनी तिचा एकेक घास घ्यायचा, असा तो विधी. शहरात त्याला पाव लागतो आणि द्राक्षांचा रस. आमच्या त्या गावात पाव कुठला आणि द्राक्षं कुठली! तिथं ज्वारीची भाकरी असे आणि मनुका भिजत घालून काढलेलं पाणी. पण भाकरीचं पीठ पाळकांच्या घरचं नसे. शनिवारी पाळकसाहेब पितळी डबा घेऊन निघत. प्रत्येक घरची बाई ओंजळभर पीठ आणून त्यात टाकी. रविवारी पहाटे त्यांच्या पत्नी एस्तेरबाई ते सगळं पीठ एकत्र मळून परातीएवढी, जाडजूड अशी एकच थोरली भाकरी थापत. ज्याच्या घरी पीठ नसे त्याच्या दारात उभं राहून पाळकसाहेब म्हणत, "चिमूटभर तरी असंल की. डबा झाडून टाका." घर सुटता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

आणि एक अट होती. घरात भांडण असेल तर पीठ घ्यायचं नाही. आधी बोलायचं, मग पीठ. मला एकदा ते समजावून सांगत होते. "पीठ एकदा मिसळलं का नाही गुरुजी, की कुनाचं कंचं ते देवाला बी निवडता येत न्हाय. म्हनून मिसळायच्या आधीच बगावं लागतं."

एकदा दोन सख्ख्या जावांची कोंबडीवरून जुंपली. थोरलीची कोंबडी धाकटीच्या पाटीत अंडी घालत होती, अंडी कोणाची हा वाद. दोघींनी डबे वेगळे आणले. पाळकसाहेबांनी झाकण उघडलंच नाही. दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर ते बसले, मांडीवर डबा, डोक्यावर उघडलेली छत्री. ऊन चढलं. जेवणवेळ टळली. तेवढ्यात वस्तीतले लुकसकाका आले, काय चाललंय ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता शेजारी बसले. दोन म्हातारी माणसं आपल्या दारात उपाशी बसलीत, याची दोघी जावांना लाज वाटायला लागली. अखेर थोरली दारातून म्हणाली, "आगं, त्यास्नी पानी तरी दे."

धाकटी म्हणाली, "तूच दे की!"

पाळकसाहेब ताडकन उठले. "बोलल्या! लुकस, बोलल्या रे बोलल्या!" आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुढं धरलं. जावांना हसू आवरेना. अंड्यांचा निकाल काय लागला ते मला आठवत नाही.

हे लुकसकाका म्हणजे मंडळीचे पंच. धंद्यानं गवंडी. चर्चच्या दगडी भिंती त्यांच्या हातच्या. उंच, हडकुळे, आणि बोलणं इतकं कमी की गावात नवीन आलेल्याला ते मुके वाटावेत. संध्याकाळी पाळकसाहेब आणि ते चर्चच्या पायरीवर बसत. पाळकसाहेब रविवारच्या उपदेशात तंबाखूवर असा काही प्रहार करत की बायका आपल्या नवऱ्यांकडं वळून पाहत. आणि संध्याकाळी लुकसकाका तंबाखू मळून तळहात नुसता बाजूला धरत. पाळकसाहेब डोंगराकडं बघत बघत त्यातली चिमूट उचलत. मी एकदा खाकरलो तर म्हणाले, "डोंगर लई चांगला दिसतोय आज, न्हाय का गुरुजी?"

रझाकारांच्या दिवसांत ही सगळी वस्ती गाव सोडून येडशीकडं, रामलिंगाच्या रानात जाऊन राहिली होती. लुकसकाकांचा मुलगा मत्तय तेव्हा लहान होता आणि तापानं फणफणलेला होता. त्याला पाठीवर घेऊन पाळकसाहेब सगळी वाट चालले होते. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. लुकसकाकांनी सांगितलं, आणि त्यांनी एवढी लांब गोष्ट सांगितलेली मी तेवढीच ऐकली.

पाळकसाहेबांचं शिक्षण उर्दूतलं. राज्य बदललं, कचेऱ्या मराठीत आल्या, पण साहेबासमोर उभे राहिले की त्यांच्या तोंडून 'जनाब' आणि 'मेहेरबानी' निघायचीच. त्यांच्या मेहेरबानीचा विषय एकच असे. पाणी. गावच्या आडावर वस्तीला पाणी भरू देत नसत. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, पण कायद्याला कोणी आडावर नेऊन उभं केलं नव्हतं. वस्तीच्या बायका ओढ्याच्या वाळूत झिऱ्याचा खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. उन्हाळ्यात झिरा भरेपर्यंत कडेला बसून राहावं लागे. वस्तीसाठी विहीर मिळावी म्हणून पाळकसाहेब वर्षानुवर्षं चावडीवर जात. चावडीत त्यांच्याइतकं शिकलेलं कोणी नव्हतं, पण त्यांना बसायला सांगत ते पायरीखाली. ते छत्री मांडीवर घेऊन खाली बसत आणि 'जनाब' म्हणून सुरू करत. मला ते बघवत नसे.

एकदा उस्मानाबादहून एक तरुण अधिकारी आला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पंचायतीचे मेंबर आहात का?"

"न्हाय जी."

"मग तुमच्या वस्तीच्या मेंबरला पाठवा."

वस्तीचा मेंबर कधी नव्हताच. पाळकसाहेबांनी घरी येऊन मला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. हसले. मग छत्री कोपऱ्यात टेकवून म्हणाले, "गुरुजी, मेंबर व्हायला काय लागतं हो?"

हे सगळं पाण्यापासून सुरू झालं. पुढं जे झालं त्यावरून त्यांना कोणी लबाड म्हणालं की मी भांडतो. ते लबाड नव्हते. बायकांना झिऱ्यापाशी ताटकळताना पाहून त्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे.

नव्या पंचायतीच्या निवडणुका आल्या. पाळकसाहेबांनी उभं राहायचं ठरवलं आणि पायरीवर बसून लुकसकाकांना सांगितलं. मी तिथं होतो. लुकसकाकांनी तंबाखू मळायची थांबवली.

"पाळकसाहेब, उभं ऱ्हाऊ नगा."

"कामून? हीर नगं का?"

"पायजे की. पन दुसरा कुनी बी उभा करा. तुमी आज समद्यांचे हायात. उभं ऱ्हायला की एका बाजूचे व्हाल. मंग आमचं भांडन मिटवायचं कुनी?"

पाळकसाहेब म्हणाले, "लुकस, आरं आपल्यात बाजू कुठं हायेत?"

"न्हाईत अजून," लुकसकाका म्हणाले.

पाळकसाहेब उभे राहिले. गावच्या सरपंचांना वस्तीची मतं हवीच होती. ते वस्तीत आले, चर्चच्या पायरीवर पाळकसाहेबांना खुर्चीवर बसवलं आणि हार घातला. ज्या माणसाला त्यांच्याच चावडीत पायरीखाली बसवत, त्याला सरपंच वाकून हार घालत होते. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. तेव्हा कोणाचेही भरले असते, माझेही. पण त्या दिवशी संध्याकाळी हार घरात खुंटीला लावला गेला आणि सुकला तरी निघाला नाही. एस्तेरबाईंनी एकदा काढला, तर त्यांनी पुन्हा लावला.

मग बदल दिसायला लागले. कोटावर जाकीट आलं. डोक्यावर टोपी आली. उपासनेत ते 'प्रियजनहो' म्हणत सुरुवात करत, त्याऐवजी 'बंधू-भगिनींनो' म्हणायला लागले. आधी घरांना ते माणसांच्या नावांनी ओळखत, आता 'आपलं', 'तिकडचं' आणि 'डळमळीत' अशी घरं झाली. माझ्या खोलीत आले की वर्तमानपत्र मागत. कोण कोणाशी बोलत नाही हे मात्र विचारीनासे झाले.

सरपंचांच्या विरोधातली पार्टी काही झोपलेली नव्हती. तिचे पुढारी लुकसकाकांकडं गेले. काय बोलले ते मला मत्तयकडून कळलं, तो तेव्हा मिसरूड फुटलेला तरणाबांड झाला होता आणि फार तापट. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, "भिंती तुम्ही बांधल्या, दगड तुम्ही वाहिले, आन् मान त्येंचा? कामून?" तो प्रश्न लुकसकाकांच्या मनातून जाईना. जो माणूस 'उभं राहू नका' म्हणत होता, तोच चार दिवसांनी उभा राहिला. त्यांच्याही घरी हार आला. चर्चची पायरी संध्याकाळी ओस पडायला लागली.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यातच महिन्याचा पहिला रविवार आला. शनिवारी पाळकसाहेब डबा घेऊन निघाले. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो आणि पहिलंच घर त्या दोन जावांचं होतं. थोरलीनं ओंजळ डब्यात सोडली. पाळकसाहेब हसत हसत म्हणाले, "हात काढू नगा. पिठातच ठिवा. आन् म्हना, आमचं घर पाळकासंगं."

ती गोंधळली. माझ्याकडं बघून पाळकसाहेब म्हणाले, "गावात लोक भंडारा उचलून शपथ घेतात की, गुरुजी. आमच्याकडं काय हाय उचलायला? ह्येच."

थोरली मनगटापर्यंत पिठात हात घालून पुटपुटली, "आमचं घर पाळकासंगं." आणि हात बाहेर काढून पदराला पुसत राहिली, पुसतच राहिली.

धाकटीचा नवरा लुकसकाकांच्या हाताखाली दगड घडवायचा. ती ओंजळ घेऊन पुढं आली आणि डब्यापाशी थांबली. "ह्या पिठावर म्या काय बी बोलनार न्हाय, पाळकसाहेब. ह्ये पीठ देवाचं हाय."

"आगं, नुसतं म्हनायचं."

"नुसतं कसं म्हनू?"

तिनं पीठ पुन्हा आपल्या पदरात ओतून घेतलं. ओट्यावर बसून उपाशी वाट पाहणारे पाळकसाहेब मला त्या क्षणी आठवले. आता बसतील असं मला वाटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाले आणि पुढच्या घराकडं वळले.

तासाभरात वस्तीत सगळीकडं बोभाटा झाला. ज्यांनी पीठ दिलं ते पाळकाचे, ज्यांनी दिलं नाही ते लुकसचे. निम्म्या घरांनी दारं ओढून घेतली. संध्याकाळी मागच्या अंगणातून एस्तेरबाईंचा आवाज ऐकू आला, "पीठ कमी भरतंय. घरातलं घालू?"

"घाल."

"असं आजवर केलं न्हाय."

"घाल म्हनलं ना."

रविवारी मी शाळेच्या पायरीवर होतो. तिथून चर्चचं आतलं सगळं दिसे, मी अनेकदा तिथं बसून त्यांची गाणी ऐकत असे. डावी बाजू भरलेली होती आणि उजवीकडं तुरळक माणसं. गाणं संपल्यावर लुकसकाका आले, त्यांच्यामागं त्यांची माणसं. भांडायला आले असतील असं मला वाटलं. पण ते पागोटं काढून मुकाट्यानं ओळीत जाऊन उभे राहिले. पाळकसाहेब एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत पुढं सरकत होते. लुकसकाकांनी हात पुढं केला. चुन्यानं भेगाळलेला मोठा तळहात.

पाळकसाहेबांचा हात वरच्या वर थांबला. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"लुकस, तुमच्या घरचं पीठ हाय का ह्यात?"

लुकसकाकांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. आपल्या रिकाम्या तळहाताकडं पाहिलं, तो मिटला आणि ते बाहेर आले. त्यांच्यामागं त्यांची माणसं आणि उजवी बाजूही बाहेर आली. धाकटी जाऊ माझ्या समोरून गेली, ती रडत होती. आत पाळकसाहेबांनी पुढच्या माणसाच्या हातावर तुकडा ठेवला.

पाळकसाहेब निवडून आले. सरपंचांच्या माणसांची मतं होती, ते येणारच होते. मिरवणूक वस्तीतून निघाली तेव्हा निम्मी दारं बंद होती. आणि विहीर झाली, हे सांगायलाच हवं. वर्षाच्या आत झाली. चर्चच्या मागंच जागा निघाली, पाणी लागलं, गोड लागलं. पहिली घागर पाळकसाहेबांनी स्वतः शेंदली.

दुसऱ्या दिवसापासून निम्म्या वस्तीच्या बायका पुन्हा ओढ्याकडं चालू लागल्या. ही पाळकाची विहीर आहे, इथलं पाणी आपल्याला नको, असं मत्तयनं दारोदार सांगितलं होतं. मी त्याला समजावायला गेलो. म्हणाला, "गुरुजी, माझ्या बापाला भाकर नाकारली. पानी कसं प्यावं?"

त्या ओढ्याला जाणाऱ्या बायकांत तिसऱ्या दिवशी मला एस्तेरबाई दिसल्या. घराला खेटून भरलेली विहीर सोडून पाळकांची बायको डोक्यावर घागर घेऊन झिऱ्यावर निघाली होती. पाळकसाहेब दारात उभे होते. मला वाटतं त्या घरात त्या दिवसापासून पाण्याचा विषय निघालाच नसेल.

लुकसकाकांच्या अंगणात पत्र्याचं दुसरं चर्च उभं राहिलं. महिन्यातून एकदा बार्शीकडून कोणी उपदेशक येऊन उपासना घेऊन जाई. मिशनचे वरिष्ठ आले, दोन्हीकडं चहा घेतला, प्रेमानं राहा म्हणाले आणि गेले. पाळकसाहेबांना त्यांनी मेंबरकी किंवा पाळकी यांपैकी एक सोडायला सांगितलं. "थोडे दिवस," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना आता तालुक्याच्या पंचायत समितीची जागा खुणावत होती. तिथं गेलं की वरच्या वर्गांची शाळा आणता येईल, रस्ता आणता येईल, असं ते मला सांगत. खरंच आणलं असतं, यावर माझा विश्वास आहे. तेवढ्यासाठी मंडळी थोडी थांबेल, असं त्यांना वाटत होतं.

ते सरपंचांकडं गेले. सरपंच पान लावत होते. म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या चर्चमधली निम्मी मतं तुमची न्हाईत. तालुक्याचं काय घेऊन बसलात?"

हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, शब्दाला शब्द. या वेळी गंमत म्हणून सांगितलं नाही. पुढच्या निवडणुकीत सरपंचांनी दुसराच माणूस उभा केला. जाकीट गेलं, टोपी गेली. खुंटीवरचा हार कधी निघाला मला माहीत नाही.

त्यानंतर एका शनिवारी मी त्यांना पितळी डबा घेऊन लुकसकाकांच्या घराकडं जाताना पाहिलं. दारात मत्तय उभा राहिला. पाळकसाहेबांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "ह्या घरात तुमच्याशी कुनी बोलत न्हाय."

"लुकस हाय का आत?"

मत्तय आत गेला आणि दार लावलं. पाळकसाहेब ओट्यावर बसले. डबा मांडीवर घेतला, छत्री उघडली. दुपार झाली, ऊन कललं. आतून लुकसकाकांचा खोकला ऐकू येत होता. दगडाची भुकटी त्यांच्या छातीत बसली होती. कोणी पाणी आणलं नाही. दिवेलागणीला पाळकसाहेब उठले, छत्री मिटली आणि घरी आले. आतला माणूस खोकत होता म्हणजे जागा होता, हे त्यांनाही कळत होतं.

त्याच पावसाळ्यात लुकसकाका गेले. ओढे दुथडी भरलेले, बार्शीचा रस्ता बंद. उपदेशक येण्याची आशा नव्हती आणि देह ठेवून चालणार नव्हतं. मंडळीतले काही जुने लोक मत्तयला म्हणाले की पाळकसाहेबांना बोलाव. तो म्हणाला, "पुस्तक मला बी वाचता येतं." एस्तेरबाई सकाळीच त्या घरी जाऊन लुकसकाकांच्या बायकोपाशी बसल्या होत्या. त्यांना कोणी जा म्हटलं नाही.

दफनभूमी गावाबाहेर माळावर, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. आपण परके, बाहेरूनच हात जोडावेत असा माझा विचार. पाऊस नुकताच थांबला होता. थोड्या वेळानं कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. पाळकसाहेब होते. अंगात तोच जुना पांढरा कोट, डोक्यावर काही नाही. आतल्या कोणीही वळून पाहिलं नाही. ते आल्याचं मात्र सगळ्यांना कळलं असावं.

मत्तय वाचत होता. बापासारखेच दगड घडवणाऱ्याचे हात, त्यात ते लहानसं पुस्तक, आणि पानं ओली झालेली. मूठमाती द्यायच्या आधीची प्रार्थना आली आणि एका वाक्यावर तो अडला. पुन्हा मागं जाऊन वाचलं, पुन्हा तिथंच अडला. अक्षरं पुसली होती की डोळ्यांत पाणी आलं होतं, कोण जाणे. सगळे खाली मान घालून वाट पाहत होते.

आणि माझ्या शेजारून पुढचे शब्द आले. मोठ्यानं नाही. आयुष्यभर जे शब्द त्या माळावर त्यांनीच म्हटले होते ते आपोआप त्यांच्या तोंडून बाहेर पडले. त्यांना स्वतःलाही ते उशिरा कळलं असावं, कारण अर्ध्यावर ते थांबले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मत्तयनं पुस्तक मिटलं. कुंपणाकडं न पाहता तो म्हणाला, "माती लोटा."

"आरं, प्रार्थना ऱ्हायली..." कोणी म्हातारी म्हणाली.

"लोटा म्हनतो ना."

फावडी चालायला लागली. ओल्या मातीचे गोळे पेटीवर पडत होते. लुकसकाकांची प्रार्थना अर्धीच राहिली. काम संपल्यावर माणसं निघाली ती पलीकडच्या बाजूनं, बांधावरून, वळसा घालून. एस्तेरबाई लुकसकाकांच्या बायकोला धरून त्यांच्यातच चालल्या होत्या.

माळावर कोणी उरलं नाही. मी म्हटलं, "पाळकसाहेब, आता जा आत. कोणी नाही. उरलेली प्रार्थना म्हणा."

त्यांनी मान हलवली. "बोलावल्याबिगर कसं जावं, गुरुजी?"

माझी बदली झाली होती, दोन दिवसांनी मला निघायचं होतं. हे त्यांना सांगायचं मनात होतं, पण सांगवेना. पुन्हा पाऊस भुरभुरायला लागला तसा मी निघालो. माळाच्या उतारावरून मागं वळून पाहिलं. मंडळी घाईत जाताना कुंपणाच्या वाटेवर लावायचं काटेरी झाप बाजूला टाकून गेली होती आणि वाट उघडीच पडली होती. पाळकसाहेब तिच्यापासून हातभर अंतरावर, बाहेरच उभे होते.